शेर्गिनची विहीर आणि ‘चिरंतन’ गोठलेली जमीन

आज आपण एका विहिरीची गोष्ट बघणार आहोत. तिला पाणी लागलं नाही, पण तिच्यामुळे जमिनीविषयीची एक मोठी शंका मिटली.

सैबेरियात लेना नदीकाठी याकुत्स्क हे शहर आहे. 1828 साली तिथे रशियन-अमेरिकन कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने विहीर खणायला घेतली. हेतू साधा, पाणी. आपल्याकडे खणताना माती लागते, मुरूम लागतो, मग खडक, आणि कुठेतरी झरा फुटतो. इथे लागली गोठलेली जमीन, आणि तिच्याखाली पुन्हा गोठलेलीच. शेर्गिन थांबलाही असता. पण तिथून जाणारे दर्यावर्दी फर्डिनांड रँगेल यांनी विज्ञानासाठी खणत राहायचा आग्रह धरला. 1837 पर्यंत विहीर 116 मीटर खोल गेली. तरी जमीन गोठलेलीच!

याचं महत्त्व काय? शंभर वर्षं आधी, 1730च्या दशकात, योहान ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञाने याकुत्स्कच्या गोठलेल्या जमिनीची नोंद केली होती. युरोपातल्या पंडितांना ती पटेना. जिथे वर झाडंझुडपं वाढतात, तिथे खाली बारमाही बर्फ असेलच कसा, असा लिओपोल्ड फॉन बुख यांच्यासारख्या नामवंत भूशास्त्रज्ञाचा आक्षेप. शेवटी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतले कार्ल फॉन बेअर यांनी विषय लावून धरला. 1844 मध्ये अलेक्झांडर मिडेनडॉर्फ यांनी याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. तळाशी निघालं सुमारे उणे 3 अंश. शंकेला जागा उरली नाही.

आता गंमत बघा. पंडितांचा वाद चालू असताना तिथले साखा लोक याच जमिनीवर गुरं-घोडी पाळत होते. या जमिनीला हिवाळ्यात तडे जातात, वसंतात त्यांत पाणी शिरून गोठतं. हजारो वर्षं हेच चालल्यावर बर्फाच्या जाडजूड पाचरी तयार होतात. त्या वितळल्या की वरची जमीन खचते आणि मोठी बशी तयार होते. मधे तळं, भोवती गवत. साखा भाषेत तिला ‘अलास’ म्हणतात. त्यांच्या जनावरांचा चारा तिथलाच. कधी तळं आटतं, खालचा ओला थर चहूबाजूंनी गोठू लागतो, कोंडलेलं पाणी वर रेटलं जातं आणि बर्फाच्या गाभ्याची टेकडी उभी राहते. ती ‘बुल्गुन्याख’. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर तिलाच ‘पिंगो’ म्हणतात. तो शब्द 1938 मध्ये ए. ई. पोर्सिल्ड यांनी शास्त्रात आणला. म्हणजे ही जमीन उठते, बसते, बदलते, हे तिथल्या शब्दांतच होतं.

शास्त्राने मात्र वेगळा शब्द उचलला. मिखाईल सुमगिन यांच्या 1927च्या ग्रंथाने ‘वेचनाया मेर्झलोता’, म्हणजे चिरंतन गोठण, हा शब्द रूढ केला. 1943 मध्ये सायमन म्युलर यांनी अमेरिकन सैन्यासाठी लिहिताना त्यावरूनच ‘पर्माफ्रॉस्ट’ घडवला. व्याख्या तशी माफक आहे: सलग दोन वर्षं शून्याखाली राहिलेली जमीन. तेव्हा चिरंतन कशाला म्हणायचं? 1950च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनीच हा आक्षेप घेतला आणि ‘बहुवर्षीय’ हा शब्द सुचवला. पण लोकांच्या तोंडी बसला तो पहिलाच.

आम्हाला हा केवळ शब्दांचा वाद वाटत नाही. याकुत्स्कच्या इमारती आज गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभ्या आहेत. घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून खाली मोकळी जागा सोडतात. सगळी भिस्त जमीन गोठलेली राहण्यावर. पण हवा तापते आहे. जंगल तोडून केलेल्या शेतांत पाचरी वितळून उंचवटे-खळगे पडतात, भिंतींना तडे जातात. जुना अलास तयार व्हायला शतकं लागली, म्हणून माणसांना त्याच्याशी जुळवून घेता आलं. आजच्या खचण्यात तेवढी सवड मिळेल का, हा तिथल्या लोकांपुढचा प्रश्न आहे.