'याड'चं हिंदी होतं तेव्हा

'याड लागलं' हे २०१६ च्या 'सैराट'मधलं. अजय-अतुलच्या वडिलांची नोकरी महसूल खात्यात, बदलीची. त्यामुळं या भावांचं लहानपण शिरूर, जुन्नर असं आमच्याच भागात गेलं. डिंभ्यात हे गाणं लागलं की घरचंच वाटतं. आणि व्हायोलिनं वाजली कुठं? थेट हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत!

२०१७ ला 'सैराट' कन्नडमध्ये गेला, 'मनसु मल्लिगे' म्हणून. २०१८ ला 'धडक'मध्ये याच गाण्याचं 'पहली बार' झालं. चाल तीच, आवाजही अजयचाच. पण 'याड' गेलं ना राव! वर्गात हा शब्द तोंडातून निघाला की 'शुद्ध बोल' ऐकावं लागायचं, आणि तोच अख्ख्या महाराष्ट्रानं गायला. मला तरी गिटार घेऊन 'याड'च म्हणणाऱ्या पोरांची कव्हर जास्त आवडतात.