'टॉम अँड जेरी'चे 114 भाग आणि डिस्कवरून गायब झालेले दोन

टॉम आणि जेरी माहीत नाहीत असं घर शोधून सापडणार नाही. पण टीव्हीवर, जुन्या व्हीसीडीवर किंवा मोबाईलवर जे बघायला मिळतं ते सगळं एका काळातलं नाही आणि बऱ्याचदा पूर्णही नाही. या कार्टूनचा अख्खा संच घरी बघण्याच्या डिस्कवर यायला कित्येक वर्षं लागली.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओसाठी 1940 ते 1958 या काळात 114 भाग केले. पहिला भाग 'पस गेट्स द बूट'. त्यात बोक्याचं नाव टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. हे भाग थिएटरात मुख्य चित्रपटासोबत दाखवण्यासाठी बनले होते, टीव्हीसाठी नाही. मालिकेला मिळालेली सातही ऑस्कर याच भागांची. नंतर जीन डाइच यांनी 13 आणि चक जोन्स यांनी 34 भाग केले, पण शौकीन 'असली' म्हणतात तो माल हॅना-बार्बेरांचाच. एमजीएमचा हा जुना साठा 1986 मध्ये टेड टर्नर यांच्याकडे गेला आणि 1996 मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. म्हणून डिस्कवर नाव वॉर्नरचं दिसतं.

'टॉम अँड जेरी स्पॉटलाइट कलेक्शन' हा डीव्हीडी संच 2004, 2005 आणि 2007 असा तीन खंडांत आला. तिसऱ्या खंडात मालिका पूर्ण होईल, अशी लोकांची अपेक्षा होती. पण 'माउस क्लीनिंग' (1948) आणि 'कॅसानोव्हा कॅट' (1951) हे दोन भाग त्यात नव्हतेच. पहिल्यात कोळशाने काळा झालेला टॉम कृष्णवर्णीय नोकराच्या ढंगात बोलतो. दुसऱ्यात सिगारच्या धुराने जेरीचं तोंड काळं करून त्याला नाचवलं जातं. अमेरिकेत त्या काळी कृष्णवर्णीयांची अशी टिंगल सर्रास चालायची, आणि ती चूकच होती.

गंमत म्हणजे 2005 च्या दुसऱ्या खंडात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांचं निवेदन होतं. त्या काळचे पूर्वग्रह तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहेत, पण ते लपवणं म्हणजे ते नव्हतेच असं म्हणण्यासारखं आहे, असा त्याचा आशय. मग दोनच वर्षांनी त्याच कंपनीने भाग वगळावेत, याचा मेळ बसत नाही.

2011 मध्ये ब्लू-रेवर 'गोल्डन कलेक्शन'चा पहिला खंड आला. त्यात 37 भाग होते, क्रमाने आणि न कापलेले. दुसरा खंड 2013 मध्ये यायचा होता. यादी जाहीर झाली तेव्हा तेच दोन भाग पुन्हा गायब! ग्राहकांनी ओरड केली आणि अखेर तो खंडच रद्द झाला. वॉर्नर आर्काइव्हने सगळे 114 भाग एकत्र आणले ते थेट 2025 च्या अखेरीस.

उशीर फक्त वादामुळे झाला असंही नाही. सुरुवातीच्या अनेक भागांच्या मूळ नायट्रेट निगेटिव्ह आगीत गेल्या, त्यामुळे नंतरच्या प्रतींवरून काम करावं लागलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 8 जानेवारी 2003 रोजी लागलेल्या आगीत 'प्रभात'ची जुनी रिळं अशीच गेली. नायट्रेटचा हा दोष जगभर सारखाच. त्यात 1954 पासून काही भाग सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत बनले. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी त्यांच्या दोन्ही बाजू कापल्या जात, त्यामुळे पाठलागात कधी उंदीर दिसायचा तर कधी बोका.

आपल्याकडच्या व्हीसीडीत जेमतेम 74 ते 80 मिनिटं मावतात, म्हणजे दहाएक भाग. चित्रही व्हीएचएस टेपच्या पातळीचं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवायची असेल तर आधी कव्हरवरचं रीजनचं चिन्ह विचारून घ्यावं. डीव्हीडीसाठी अमेरिका रीजन 1 मध्ये आहे आणि भारत 5 मध्ये. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, भारत सी. 'ऑल रीजन' लिहिलेलं नसेल आणि घरचा प्लेअर मल्टी-रीजन नसेल, तर ती डिस्क इथे लागणार नाही. व्हीसीडीला असलं कोणतंही बंधन नाही.