मास्तर आणि मेस्त्री

अनेक कामांत ज्याचा हात सारखाच चालतो अशा माणसाला आपण मराठींत काय म्हणतों? शब्दांना तोटा नाहीं. अष्टपैलू, चतुरस्र, सव्यसाची, अष्टावधानी, हरहुन्नरी, अशी मोठी पंगतच बसलेली आहे. या पंगतींत पाटावर कोण बसलें आहे आणि ओसरीवर कोण, तेवढें आज पाहावें असा माझा विचार आहे. कारण तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत शिकवितांना ही मांडणी मींच चुकीची केली, असें आतां मला वाटतें.

सव्यसाची म्हणजे डाव्या हातानेंहि बाण सोडणारा. तें अर्जुनाचें नांव. चतुरस्र म्हणजे चौकोनी, चोहों बाजूंनीं सारखा भरलेला. अष्टावधानी हा शब्द विद्वानांच्या सभेंतून आला. आठ जणांनीं विचारलेल्या आठ गोष्टींवर एकाच वेळीं चित्त ठेवावयाचें, समस्यापूर्ति करावयाची, मध्येंच कोणी घंटा वाजविली तर तिचे टोलेहि मोजावयाचे, असा हा बुद्धीचा खेळ. आंध्रांत व कर्नाटकांत तो अजूनहि चालतो. अष्टपैलू हा मात्र अर्धाच संस्कृत. 'अष्ट' आपला, 'पैलू' हा फारसी 'पहलू', म्हणजे बाजू. रत्नाला पैलू पाडतात, तसा हा माणूस. पुढें हा शब्द क्रिकेटनें पळविला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. १९५२ सालीं लॉर्ड्सच्या कसोटींत विनू मंकड यांनीं ७२ व १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या एका डावांत पांच गडीहि बाद केले. असा खेळाडू असतांना शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाहीं.

हे सारे शब्द योद्ध्याचे, पंडिताचे किंवा रत्नाचे झाले. जो करवत धरतो, कुलूप दुरुस्त करतो, पेटीचा भाता सांधतो, त्याला आपण हरहुन्नरी म्हणतों. यांतला 'हर' फारसी आणि 'हुन्नर'हि फारसी. त्याचे सोयरेहि तिकडचेच: कारागीर व उस्ताद हे फारसी, कसब अरबी. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले. तरी हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहींत. कामाबरोबर शिकलेला शब्द सहसा सुटत नाहीं.

पण या शब्दांच्या वाट्याला आलेला मान पाहा. "मोठा उस्ताद आहे हो तो," असें म्हणतांना आपण डोळे मिचकावतों. हुन्नर म्हणजे कौशल्य खरें, परंतु त्यांत थोडी लबाडीचीहि छटा शिरली. आणि 'कसबीण' या शब्दाची आपण जी दशा केली, ती सर्वांस ठाऊक आहे. जुनी दृष्टि अशी नव्हती. वात्स्यायनानें कामसूत्रांत चौसष्ट कला मोजल्या, त्यांत गायन आहे, काव्य आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला तक्षण म्हणजे सुतारकाम, वास्तुविद्या, रत्नपरीक्षा, एवढेंच काय, कोंबड्यांच्या झुंजी लावणें व पोपटाला बोलावयास शिकविणें हेंहि आहे. श्रीकृष्ण या चौसष्ट कला सांदीपनींच्या आश्रमांत चौसष्ट दिवसांत शिकला असें भागवत सांगतें. आम्हां मास्तरांना हेवा वाटावा असा विद्यार्थी!

माझ्याहि वर्गांत एक मुलगा होता. शाळेच्या घंटेची खुंटी त्यानें बसविली, संमेलनाचा पडदा त्यानें रंगविला, तो पेटी वाजवी, आणि मुख्याध्यापकांचें बंद पडलेलें घड्याळ त्यानेंच चालूं केलें. भूमितींत मात्र तो दर खेपेस नापास. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला: "एक ना धड, भाराभर चिंध्या." पुस्तक परत द्यावयास त्याची आई स्वतः आली. म्हणाली, "मास्तर, गोधडी चिंध्यांचीच करत्यात न्हवं? औंदा ह्यानंच टाकं घातलं." मी हंसलों, पण शेरा तसाच राहूं दिला. पुढच्या वर्षीं त्यानें शाळा सोडली. माझ्या शेऱ्यामुळेंच सोडली असें नव्हे. परंतु सोडतांना तो शेरा त्याच्या दप्तरांत होता.

त्या मुलाचे वडील मेस्त्री होते. हा 'मेस्त्री' शब्द पोर्तुगीजांचा. इ. स. १५१० त त्यांनीं गोवें घेतलें. त्यांच्या भाषेंतील 'मेस्त्र' आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि गवंडी-सुतारांच्या मुकादमाला चिकटला. त्याचें मूळ लॅटिनमधील 'मॅजिस्टर', म्हणजे गुरु, शिकविणारा. इंग्रजांचा 'मास्टर'हि त्याच मुळाचा, आणि त्याचा आपण केला 'मास्तर'. म्हणजे मास्तर आणि मेस्त्री हे एकाच आजाचे दोन नातू. एक गोव्याच्या गलबतांतून आला, दुसरा इंग्रजांच्या. हें मला निवृत्तीनंतर कळलें.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें खरें आडनांव मेस्त्रीच. ते १८९० सालीं कारागिराच्या घरांत जन्मले. चित्रकला व शिल्प ते स्वतःच शिकले, बंधु आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगवूं लागले. मग दोघांना सिनेमाचा नाद लागला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं काम सोडलें नाहीं. दामले यांना हाताशीं घेऊन सिनेमाचा कॅमेरा त्यांनीं स्वतः घडविला, आणि त्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० सालीं लोकांसमोर आला. चित्रपटाचीं भित्तिपत्रकेंहि ते स्वतःच रंगवीत. १९२५ सालचा त्यांचा 'सावकारी पाश' जाणकार अजून वाखाणतात.

यंत्र, मूर्ति, पडदा, चित्रपट, इतकें सारें एका माणसानें केलें. लोकांनीं त्यांतलें एक कसब उचललें आणि 'पेंटर' म्हणून नांवाला जोडलें. मला विचाराल तर त्यांचें जुनें आडनांवच अधिक पुरें होतें.