सत्तेचाळीस तासांत टाकी रिकामी

माझ्या मामेभावाची टाकी तीन फुटी. निपाणीतल्या जुन्या घराच्या माजघरात, देवघराला लागून ठेवलेली. शंभर लिटरच्या आसपास पाणी, त्यात चार एंजल, डझनभर निऑन टेट्रा, काही प्लॅटी, तळाला एक सकर आणि दोन गुरामी. २०२१च्या जुलैतल्या महापुरात ही टाकी गेली. पुराचं पाणी त्यांच्या गल्लीत आलंच नव्हतं, मासे मेले ते टाकीतल्याच पाण्यात. त्याच्या मोबाइलमधले फोटो, दुकानदाराला केलेले मेसेज आणि मला आलेले मेसेज, फोन यांच्या वेळा लावून हा क्रम जुळवला आहे. रोग साधा होता, औषधही मिळण्यासारखं होतं. टाकी बसली ती एकामागोमाग एक केलेल्या उपायांनी, आणि त्यातला प्रत्येक उपाय मायेपोटीच केलेला.

गुरुवार, २२ जुलै, सकाळी ७. सत्तेचाळीस तास बाकी

आधी पाहिलं ते धाकटीनं. शाळा बंद, मोबाइलवरचा वर्ग भरायला वेळ, तोवर तिची जागा टाकीसमोर. "पप्पा, मोठ्या एंजलच्या अंगावर मीठ उडालंय." शेपटीवर आणि पाठीवरच्या परावर सहा-सात पांढरे कण होते. मासा मध्येच तिरका होऊन खड्यांवर अंग घासत होता.

हा व्हाइट स्पॉट, पाळणाऱ्यांच्या बोलीत 'इच'. टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी येऊन जातो. ठिपका दिसतो तो एकपेशी परजीवी, माशाच्या कातडीखाली बसून खाणारा. तिथं त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती वेष्टण करून घेतो आणि आतल्या आत फुटत राहतो. एकाचे शेकडो होतात, कधी हजारपर्यंत. ही पिल्लावळ पोहत मासा शोधते आणि दीडदोन दिवसांत तो मिळाला नाही तर मरते. औषध चालतं ते याच पोहणाऱ्या टप्प्यावर. म्हणून व्हाइट स्पॉटचा उपचार दिवसांच्या हिशेबात करायचा असतो. एका दुपारीत तो होत नाही.

रोग कुठून आला हे कोडं नव्हतं. आठवड्यापूर्वी आणलेले नवे प्लॅटी पिशवीतल्या पाण्यासकट टाकीत सोडले होते. त्यात पावसाची झड लागून पाणी तेवीस अंशांवर उतरलेलं, टाकीत हीटर नाही. एंजल मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. आपल्याकडं येतो तो बहुतेक पैदास केंद्रातला, पण गारठा त्यालाही मानवत नाही.

या घडीला भावाच्या हातात सहज चार-पाच दिवस होते.

सकाळी १०.३०. साडेत्रेचाळीस तास बाकी

छत्री घेऊन तो दुकानात गेला. दुकानदारानं फोटो बघितला आणि तीन गोष्टी सांगितल्या: पाणी सगळं बदला, हीटर तीसवर ठेवा, हे ड्रॉप्स घाला. एक निळी बाटली, एक हिरवी. निळ्यात मेथिलीन ब्लू, हिरव्यात मॅलॅकाइट ग्रीन. एकीवरही किती तीव्रतेचं द्रावण आहे ते छापलेलं नाही. दहा लिटरला दोन थेंब, एवढं तोंडी. आपल्याकडं तापाच्या गोळीच्या पाकिटावरसुद्धा मिलिग्रॅम असतं, माशाच्या औषधाला मात्र रंग पुरतो.

गंमत म्हणजे तिन्ही सल्ले थोडेथोडे बरोबरच होते. फक्त ते एका दिवसात एकत्र करायचे नव्हते.

दुपारी १. एक्केचाळीस तास बाकी

माझ्या मते टाकीचा निकाल इथंच लागला, मासे अजून पोहत असताना.

मासे बादलीत काढले. टाकी उपसली. खडे परातीत घेऊन चार पाण्यांतनं काढले. काचेवरचं हिरवट शेवाळ घासलं. शेवटी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळला, काळं पाणी जाऊन पांढरं येईपर्यंत. वहिनीनं फोटो काढलाय: उन्हात ठेवावी तशी लख्ख टाकी, शेजारी धुतलेला स्पंज.

तो काळा गाळ म्हणजे टाकीचं काळीज होतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भरच पडते. स्पंजमध्ये, खड्यांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. नळाखालच्या पाच मिनिटांत तिची धूळधाण होते, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते असतं तेच मुळी जिवाणू मारायला. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की ब्लीचिंग जास्तच घालावं लागतं. माणसाला ते चालतं. माशाचे कल्ले त्यानं पोळतात.

क्लोरीनवर उतारा सोपा आहे. पाणी उघड्या पिंपात हवेचा बुडबुडा लावून एक दिवस ठेवायचं, नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब घालायचे. ते सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा 'हायपो' तो हाच, आणि काही मिनिटांत काम करतो. भावानं थेंब घातले, खरं मासे पाण्यात सोडल्यावर आणि अंदाजानं. स्पंज धुवायचाच तर टाकीतनं काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबला की पुरे. तो काळपट दिसलाच पाहिजे.

संध्याकाळी ७. पस्तीस तास बाकी

शंभर वॅटचा हीटर दुपारपासून चालू. काटा सत्तावीसवर, मध्यरात्रीपर्यंत तीस होणार. ऊब वाढली की परजीवीचं चक्र भरभर फिरतं, म्हणजे तो औषधाच्या टप्प्यात लवकर येतो. तिशीच्या वर तर त्याची वाढच खुंटते. म्हणून पाणी तापवणं चूक नाही. पण काही तासांना एखादा अंश, या बेतानं, आणि त्याबरोबर हवा वाढवून. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. हा आकडा समुद्रसपाटीचा. निपाणी बरीच उंचावर, म्हणजे इथं त्याहूनही कमी. इकडं उबेनं माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, आणि परजीवीनं कल्ले आधीच धरलेले असतात.

ठिपके सकाळपेक्षा जास्त दिसत होते. ते दिसणारच होते, कातडीखालचे आता कुठं मोठे होत होते. भावानं डोस दुप्पट केला. पाणी शाईसारखं निळं झालं आणि एंजलच्या अंगावरचे ठिपके दिसायचेच बंद झाले.

रात्री ११. एकतीस तास बाकी

टेट्रा वरच्या थरात जमले, तोंडं पाण्याच्या कडेला. दुकानदाराला मेसेज आहे: "भूक लागल्यागत करायलेत. चिमूटभर टाकलंय." वर येऊन तोंड उघडझाप करणारा मासा खाणं मागत नसतो, हवा मागत असतो. चिमूटभर दाणे निळ्या पाण्यात तळाला गेले. ते पचवायला स्पंजात कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवार, २३ जुलै, सकाळी ८. बावीस तास बाकी

"दादा, एंजल साफ झाला बघ! औषध लागलं." मला आलेला हा पहिला मेसेज. फोटोत मोठा एंजल खरोखर स्वच्छ. टाकी निळी का आहे ते मी विचारलं. 'औषध घातलंय' एवढंच उत्तर आलं आणि मग दुपारपर्यंत काही नाही.

औषध लागलं नव्हतं. ठिपके भरून गळून पडले होते. आता ते तळाला, धुतलेल्या खड्यांमध्ये, फुटायला बसले होते. व्हाइट स्पॉटमध्ये हा स्वच्छ दिवस येतोच, आणि बरीच माणसं याच दिवशी उपचार थांबवतात. भावानं थांबवला नाही, आणखी एक पूर्ण डोस घातला.

दुपारी २. सोळा तास बाकी

वेदगंगा यमगर्णीजवळ रस्त्यावर आली आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला. पलीकडं कोल्हापूरच्या दारात शिरोलीला पंचगंगेचं पाणी. दूधगंगा, हिरण्यकेशी, सगळ्याच दुथडी. निपाणीकराला काही घ्यायचं झालं की तो आधी कोल्हापूरकडं बघतो, आणि तीच वाट तुटली. अमोनिया मोजायचं टेस्ट किट निपाणीत मिळालं नाही. कोल्हापूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, आहे, खरं पाठवू कसं?

इथं जरा वाट सोडतो. हीच हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या देवळाच्या कुंडातून २०२० साली एका नव्या माशाची नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. लहानसा, रंगीत. तो जगतो वाहत्या, गार, हवेनं भरलेल्या पाण्यात. काचेच्या टाकीत फिल्टर आणि हवेचा पंप मिळून अशा झऱ्याचीच नक्कल करत असतात, आणि ती नक्कल विजेवर चालते.

रात्री ८. दहा तास बाकी

लाइट गेली. घरात इन्व्हर्टर होता. त्यावर दोन दिवे, एक पंखा, टीव्हीवर पुराच्या बातम्या आणि चार मोबाइल. हवेचा पंप फार तर पाच वॅटचा, तो रात्रभर निघाला असता. पण टाकीचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता आणि वायर ओढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. हीटर, फिल्टर, बुडबुडा, तिन्ही एकदम थांबले.

रात्री १०.३०. साडेसात तास बाकी

त्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, टिळकवाडीत माझ्या घरी, आमच्याकडंही पाऊस धो धो. सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, आता काही घालू नको. ना औषध, ना खाणं. एक मग घे, टाकीतलंच पाणी भर आणि फूटभर वरनं सोड, दहा मिनिटांनी परत. वरचं झाकण काढ. इन्व्हर्टरमध्ये जीव असेल तर टीव्ही बंद करून पंप त्यावर घे. शिळं पाणी साठवलेलं आहे का? नव्हतं. पिंपं त्यानं गुरुवारी टाकी धुवायला रिकामी केली होती.

इन्व्हर्टरनं अकराच्या आधीच मान टाकली. मग मग.

शनिवार, २४ जुलै, पहाटे २. चार तास बाकी

तो आणि धाकटी आळीपाळीनं ओतत होते. मेणबत्तीच्या उजेडात पाणी निळं न दिसता काळं दिसत होतं. वरनं पडणाऱ्या धारेनं पाण्यात हवा शिरते हे खरं, पण वीस-बावीस जिवांना ती पुरत नाही. आणि अमोनिया धारेनं जात नाही. पाण्याचा पीएच सातावरून आठावर गेला तर त्यातला विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. भावाच्या टाकीचा पीएच कुणी मोजलाच नव्हता. क्लोरीननं पोळलेले कल्ले, त्यावर परजीवी, त्यावर रंग, त्यावर अमोनिया.

साडेतीनला धाकटी सोप्यात झोपली. तो खुर्चीवर बसला आणि बसल्या जागी डोळा लागला.

पहाटे ४.३०. दीड तास बाकी

या वेळेचा काही पुरावा नाही. टाकीतल्या चार वनस्पती रात्रभर ऑक्सिजन घेतच असतात, देत नाहीत, म्हणून कुठल्याही टाकीत तो सगळ्यात कमी पहाटेच असतो. तळ्यावर मत्स्यशेती करणाऱ्याला विचारा, तोही हीच वेळ सांगेल.

सकाळी ६

गुरुपौर्णिमा होती. वहिनी पूजेला उठली, देवघरातला दिवा लावला आणि त्या उजेडात टाकी दिसली. एंजल चारही गेले होते. टेट्रा, प्लॅटी, सकर, सगळे. दोन गुरामी मात्र वर, पाण्याला ओठ लावून जिवंत. गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्याघड्यांचं इंद्रिय असतं, त्यानं तो सरळ हवा ओढून श्वास घेतो. पाण्यातली हवा संपली तरी त्याचा श्वास संपत नाही.

नऊला लाइट आली. सुदैवानं तेवढ्यात फोन लागला. फिल्टर तसाच चालू करू नको, म्हटलं, रात्रभर बंद डब्यात कुजलेलं पाणी आत येईल. आधी स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात पिळ.

गुरामी पसरट टबात घेतले. नळाचं पाणी, यावेळी थायोसल्फेट मोजून, मासे सोडण्याआधी. लिटरला दोन ग्रॅम मीठ, हीटर अठ्ठावीसवर हळूहळू, रोज थोडं पाणी बदलून. सोमवारी त्यांच्या अंगावर ठिपके उठले. टाकीतली पिल्लावळ त्यांच्याबरोबर टबात आली होती. यावेळी कुणी घाबरलं नाही. दोन आठवड्यांत अंग साफ झालं आणि ते टिकलं. रिकामी टाकी तोवर नुसती ऊब देऊन चालू ठेवली. मासाच नाही म्हटल्यावर आतला परजीवी उपाशी संपला.

रस्ता खुला झाल्यावर कोल्हापूरहून टेस्ट किट आलं आणि सेलवर चालणारा पंप आला. नवे मासे आले दिवाळीनंतर. आता प्रत्येक नव्या माशाला आधी टबात तीन आठवडे काढावे लागतात, आणि वहिनीची तक्रार तेवढी एकच आहे: "तुझ्या भावाचा टब न्हाणीतनं हलंनाच झालाय बघ, आंघोळ कुठं करायची आम्ही?"