जाळलं सगळ्यांनी, मोजलं कुणी?



आमच्या गावात दरवर्षी उन्हाळ्यात एक भांडण ठरलेलं असतं. गायरान पेटवायचं की नाही? मेंढरंवाले म्हणतात, पेटवलं की पहिल्या पावसाला कोवळी फूट येते. बाकीचे म्हणतात, माती भाजते. दोन्हीकडचे आवाज मोठे, पण मोजमाप कुणाकडेच नाही.

मी पेटवणाऱ्यातलाच होतो. चार वर्षांपूर्वी वैशाखात बांध पेटवला, वारा फिरला आणि शेजारच्या भाऊबंदाची कडब्याची गंजी गेली. पैसे भरले, विषय मिटला. पण दुसऱ्या दिवशी बांधावर तितराची भाजलेली अंडी दिसली. त्याची भरपाई कुणाला देणार? तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. भाचा कृषी पदवीधर आहे. त्याने पुंडलिकनगरच्या घरी बसून जुन्या इंग्रजी कागदांमधलं वाचून सांगितलं. त्यातलं आपल्या कामाचं इथं लिहितो.

हे भांडण जुनं आहे. मराठवाड्यावर तेव्हा निजामाचं राज्य होतं, ही गोष्ट तिकडची, ठाणे-कुलाब्याची. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांचा पाला, गवत असे थर द्यायचे, वर मातीचा पातळ थर टाकायचा आणि उन्हाळ्यात ते जाळायचं. याला राब म्हणतात. १८७८ चा जंगल कायदा आला आणि सरकारने पाला तोडण्यावर बंधनं घातली. सरकार म्हणे, फांद्या तोडून जंगल संपतंय. शेतकरी म्हणे, राब नाही तर भात नाही. ओरड इतकी झाली की १८८५ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमलं. त्याचा अहवाल १८८७ चा. महात्मा फुल्यांनी त्याच्या थोडं आधी, १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्याच्या जाचाबद्दल लिहिलंच होतं. पुढे व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनतज्ज्ञ आले, देशभर फिरले. १८९३ च्या त्यांच्या अहवालातही राबाची चर्चा आहे.

म्हणजे वर्षानुवर्षं साक्षीपुरावे झाले. पण राबाने नेमकं होतं काय? हा प्रश्न पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर घेतला. १९१२ साली त्यांचा अभ्यास छापून आला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. राखेचं खत मिळतं म्हणून रोप जोमात येतं, की माती तापते म्हणून? या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून पाहिल्या. माती तापली की तिच्यातले काही जीव मरतात, काही पुन्हा झपाट्याने वाढतात आणि नत्र पिकाला लवकर मिळतो. इंग्लंडात रोथॅमस्टेडलाही त्याच सुमारास हेच दिसलं होतं. म्हणजे आपले म्हातारे अडाणी नव्हते. पण राब म्हणजे भरपूर पावसाच्या मुलखातला, रोपापुरता लहान तुकडा. तो दाखला देऊन आपण आपल्या कोरडवाहू रानात पऱ्हाटी नाहीतर पाचट पेटवलं, तर काडीतला नत्र बहुतेक धुरात जातो. पालाश राखेत उरतो, तोही पहिल्या वळवाने वाहून जाऊ शकतो. सेंद्रिय कर्ब आपल्याकडे आधीच कमी, तो आणखी घटतो.

आता उलट बाजू ऐका. १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आगबंदी यशस्वी झाली. मग देशभर तीच रीत पडली, आग म्हणजे शत्रू. पण आसाम-बंगालच्या ओल्या साल जंगलात कित्येक वर्षं आग रोखल्यावर दिसलं की खाली दाट झुडपं माजली आणि सालाची नवी रोपं वरच येईनात. तिथल्या वनअधिकाऱ्यांना पुढे ठरवून, बेतानं जाळायला सुरुवात करावी लागली. आपली चूक मोजून ध्यानात आली तेव्हा रीत बदलली.

आज आपल्याकडे जंगल खातं १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा जाळून घेतं, म्हणजे पुढे वणवा आला तर तिथे त्याला खायला काही मिळू नये. आग कुठं लागली हे उपग्रहावरून कळतं, २००४ पासून त्याच्या सूचना खात्याला मिळतात. पण त्या जागी पुढच्या वर्षी कोणतं गवत उगवलं, हे उपग्रह सांगत नाही. ते वाकूनच बघावं लागतं.

म्हणून मी बांधावर दोन पट्टे आखले. एक जळीत, एक राखीव. जळीत पट्टा सकाळी वारा पडलेला असताना, पाणी आणि दोन माणसं जवळ ठेवून पेटवायचा. पहिल्या वर्षी जळीत पट्टा आधी हिरवा झाला, आणि मी म्हणणारच होतो की मेंढरंवाले खरे. तिसऱ्या वर्षी जळीत पट्ट्यात कुसळी वाढली होती. पवन्या आणि मारवेल राखीव पट्ट्यातच जास्त टिकलं. राखीव पट्ट्यातही एक अडचण निघाली. जुनं वाळलेलं गवत नव्या फुटीला दाबत होतं. मग ते विळ्याने कापून घेतलं. जनावराला चारा झाला आणि फूटही मोकळी झाली. हा एका बांधाचा हिशोब आहे, सगळ्या रानांचा कायदा नाही.

तुम्हीही करून बघा. जाळण्याआधी आणि नंतर एकाच जागेवरून फोटो घ्या. मीटरभर चौकट टाकून आत कोणतं गवत किती आहे ते मोजा. पहिल्या पावसानंतर दोन्हीकडे खोदून गांडुळं बघा. मातीचा नमुना १५ सेंटिमीटर खोलीचा घेऊन कर्ब तपासा. निदान तीन वर्षं तरी करा, कारण पहिलं वर्ष फसवतं. आणि राखीव जंगलात काडी लावू नका, १९२७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

यंदा ग्रामसभेत मी एवढंच मागणार आहे. गायरानाचा एक तुकडा तीन वर्षं न पेटवता राखा, बाकीचं भांडण नंतर. मेंढरंवाले खरे निघाले तर माझी हरकत नाही, पहिला हात मीच वर करीन.