कुडाची भिंत आणि डब्यातला रंग

नवे घर बांधून झाल्यावर आतील भिंतींना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावी तसा अलीकडचाच म्हटला पाहिजे. नेरळहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि येथील ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या कुडाची असत; डोंगरउतारावर मुबलक उगवणारी कारवी तोडून, तिच्या काठ्या उभ्या रोवून व बांबूच्या कामट्यांनी आवळून, त्यांवर शेण, माती आणि भाताचा तूस यांचा गिलावा चढविला की भिंत सिद्ध होई. तिला रंग देणे हा काही निराळा संस्कार नव्हता. पावसाळ्यात ओल धरून पोपडे सुटत, पाऊस उघडला की बायका हाताच्या पंजाने भिंत पुन्हा लिंपीत, पोतेऱ्याने सारवीत, तळाशी गेरूचा पट्टा ओढीत, आणि घरात लग्न निघाले तर तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक काढीत.

गावगाड्याच्या बारा बलुत्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे. घराची भिंत रंगविणारा मात्र कोणी नाही. जे काम घरातील स्त्री दरसाल विनामूल्य करते, त्याचे बलुते कोण देणार?

सधनांची गोष्ट वेगळी. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर चित्रे रंगविली गेली. परंतु चित्रांची ऐपत सर्वांस कोठून असणार? पक्के घर बांधणाऱ्या सामान्य गृहस्थास चुनाच पुरे होई. कळीचा चुना पाण्यात पडताच खदखदतो व वाफा सोडतो. तो शमला की गाळून घ्यावयाचा, त्यात डिंक किंवा सरस आणि किंचित नीळ घालावयाची, मग कुंच्याने एक हात आडवा व दुसरा उभा द्यावयाचा. ओला असता हा लेप इतका पातळ व मळकट दिसतो की नवख्यास पैसे वाया गेले असेच वाटावे. शुभ्रता येते ती सुकताना, आणि हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. शिवाय त्याच्या क्षारामुळे कोकणी दमटपणातही बुरशीस सहजी थारा मिळत नाही.

डब्यातल्या रंगाचा अंमल पुढे बसला. महायुद्धामुळे परदेशी रंगांची आवक आटली असता, 1942 साली मुंबईत गिरगावच्या गायवाडीत एशियन पेंट्सचा आरंभ झाला. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला, हाती ब्रश घेतलेला गट्टू नावाचा खट्याळ मुलगा त्या रंगाची ओळख होऊन बसला. डिस्टेंपर आणि तेलरंग यांबरोबर मजुरीवर काम करणारा रंगारी आला आणि घरातील स्त्रीचे वार्षिक काम ठेक्याचे झाले. या बदलात तिचे श्रम वाचले हे खरे, पण भिंतीवर काय असावे हे ठरविण्याचा तिचा अधिकारही बव्हंशी गेला. माझ्या मते हा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

सिमेंटच्या नव्या घरासंबंधी जुन्या गवंड्यांचा दंडक मात्र विसरू नये: पहिल्या वर्षी चुनाच मारावा, एक पावसाळा जाऊ द्यावा, मग रंग काढावा. ताज्या गिलाव्यात ओल असते आणि क्षारही असतो. तो तेलरंगातील तेलाचा अक्षरशः साबण करून टाकतो, आणि भिंतीवर फोड येऊन रंग चिकट होऊन सुटतो. क्षारास दाद न देणारे प्रायमर आता मिळतात. तरी ओल राहतेच, आणि इकडे बांधलेले सुट्टीचे घर दिवाळीपूर्वी सजवून हवे असलेला मुंबईकर मालक तेवढे थांबावयास तयार नसतो.