वतन बिल आणि बंद दारातली कमिटी

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतन बिल मांडले. तेव्हा कल्याण तालुक्यात माझे आजोबा रात्री-अपरात्री सरकारी सांगावे घेऊन धावत होते. ही राबणूक सुटावी एवढेच बिलाचे मागणे. सरकारला घोर निराळाच: वतन गेले तर या कामाला रोख पगार कोठून द्यायचा?

बिल सिलेक्ट कमिटीकडे गेले. कौन्सिलातले भाषण छापले जाते, बोलणाऱ्याचे नाव राहते. कमिटीचे दार बंद; बाहेर येतो अहवाल, फार तर मतभेदाची टिपणे. उघड विरोधकाशी भांडता तरी येते! कमिटीच्या फेऱ्यातून बिल तगले नाही. २४ जुलै १९२९ ला बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ ला अंमलात आला. तोवर आजोबांच्या जागी वडील धावत होते.